शिरसाचा भुसा

१

मशीनचं झाकण उघडलं आणि मला शिंका आल्या. एक नाही, लागोपाठ चार.

सकाळची वेळ होती. अंगणात पोतं अंथरून मी कामाआधीची तपासणी करायला बसले होते. खरं तर झाकणाखाली काही सापडायलाच नको होतं. आदल्या संध्याकाळी मीच ते उघडलं होतं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साखळीखालची जागा झाडली होती, साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खोबणीतला भुसा तारेनं ओढून काढला होता आणि रॉकेलच्या चिंधीनं सगळं पुसलं होतं. नंतर मशीन लाकडी पेटीत ठेवली. पेटीला कुलूप, आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात.

तरी आत मूठभर भुसा होता. ओलसर, गडद तपकिरी.

आम्ही त्या आठवड्यात फक्त लिंब कापत होतो. चैत्रातल्या वावटळीनं अंगणातला जुना लिंब आडवा केला होता, त्याचेच तुकडे पाडणं चालू होतं. लिंबाचा भुसा फिकट असतो. त्याला कडू वास येतो, पण शिंका येत नाहीत. शिंका शिरसाच्या भुशानं येतात. आमच्या घराची दोन्ही दारं शिरसाची आहेत. ती घडवली तेव्हा सुतार नाकाला फडकं बांधून काम करायचा आणि आम्ही घरातली माणसं आठ दिवस शिंकत होतो. तो वास मी विसरणं शक्य नव्हतं.

"सर्दी झाली गं तुला," आई चुलीजवळून म्हणाली. "पहाटं डोक्यावरून न्हाऊ नको म्हणलं तर ऐकतीस कुठं?"

मी भुसा कागदावर काढला आणि बराच वेळ बघत बसले. जवळपास शिरसाचं झाड एकच होतं, आमच्या शेतातल्या विहिरीजवळचं. आणि त्याला आमच्यापैकी कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

२

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मशीन आणली नरसिंगमामानं. तो हैदराबादला एका लाकडाच्या ठेकेदाराकडं ड्रायव्हर होता. ठेकेदारानं नवी मशीन घेतली आणि जुनी मामाला देऊन टाकली. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आमच्या मंठाळच्या बाजूला तोवर कुणी पाहिली नव्हती. पोरं तिला फटफटी करवत म्हणायची. मामानं एकदा दोरी ओढून चालू करून दाखवली, एक इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात ठेवली, आणि "विशा शिकलेली हाय, ती सांगंल सगळं," म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला.

मी बी.ए. झाले होते हे खरं. पण मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलगी. ती मशीन चालू झाली की मी कानात बोटं घालून मागं सरायचे. अप्पांचं मात्र तसं नव्हतं. माझे वडील, भीमराज, कुठल्याही यंत्रावर लहान मुलासारखे खूश व्हायचे. म्हणून मला जास्तच भीती वाटायची. ज्याला भीती नाही त्याच्या हातात ती मशीन देणं मला पटत नव्हतं. मी अट घातली, रोज संध्याकाळी ओसरीवर पुस्तिकेचं एक पान वाचायचं, आणि जेवढं वाचून झालं तेवढंच काम करायचं.

मी इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मोठ्यानं मराठीत सांगायचे. अप्पा भिंतीला टेकून प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचे. आमच्याकडं गोष्ट सांगताना कुणीतरी हुंकारा द्यावाच लागतो, नाहीतर सांगणारा थांबतो. अप्पांनी पुस्तिकेलाही तोच नियम लावला होता.

"मशीन गरम असताना पेट्रोल भरायचं नाही."

"हूं."

"जिथं भरलं तिथून दहा पावलं लांब जाऊन चालू करायची."

"हूं."

"पट्टीचं टोक लाकडाला लावायचं नाही. लागलं तर मशीन उसळून तोंडावर येते."

"हूं. म्हशीवाणी हाय की."

"सैल कपडे घालून चालवायची नाही. धोतर नाही."

इथं हुंकारा थांबला. आई सुपातले खडे निवडता निवडता हसली. "आता घाला पँट. साठीला आल्यावर नवरदेव व्हा."

"नरसिंगची जुनी घालतो की. त्यात काय?" अप्पा म्हणाले. आणि खरंच घातली. कमरेला सुतळी बांधून.

एका नियमावर मात्र वाद झाला. मशीन चालवणाऱ्यानं एकटं राहायचं नाही, हाकेच्या अंतरावर माणूस पाहिजे. मशीन थांबली की त्यानं हाक मारायची आणि चालवणाऱ्यानं लगेच ओ द्यायची.

"लगेच न्हाई," आई म्हणाली. "शेतात पयल्या दोन हाकांला ओ द्यायची न्हाई. तिसऱ्या हाकंला द्यायची. कोण हाक मारायलंय काय म्हाईत."

"सावित्रे, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस हाय," अप्पा म्हणाले. "भुताखेताला मानत न्हाई."

"मग कामून देत न्हाईत पयल्या हाकंला? तीस वर्षं झाली, मी ओरडून मरते."

"ते तुझ्यामुळं लागलेली सवय हाय."

ती सवय काही सुटली नाही. लिंब कापताना मशीन बंद पडली की मी हाक मारायचे, "अप्पा!" गप्प. "अप्पा!" गप्प. माझा जीव नुसता टांगणीला. तिसऱ्या हाकेला लाकडाच्या ढिगामागून हसत, "ओ!"

भुसा सापडला त्याच दुपारी अप्पा शेतातून आले आणि म्हणाले, "शिरसाची खालची फांदी कुणीतरी तोडलीय बघ. नेली न्हाई. तिथंच ठेवलीय."

"कशानं तोडली?"

"करवतीनंच. लई साफ काप. आधी खालून थोडा, मग वरून. साल जराबी फाटली न्हाई."

फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही, हे मी तीनच दिवसांपूर्वी वाचून दाखवलं होतं. आणि अप्पांनी ते अजिबात मनावर घेतलं नव्हतं. लिंबाच्या प्रत्येक फांदीची साल त्यांनी हातभर फाडली होती.

३

त्या संध्याकाळी दातांना धार लावायचं पान होतं. गोल कानस घ्यायची, एकाच दिशेनं ढकलायची, ओढायची नाही. प्रत्येक दाताला सारखेच घाव, तीन तर तीन. एक दात जास्त घासला तर करवत एका बाजूला ओढते. मी खाली मान घालून वाचत होते. कंदिलाच्या उजेडात अक्षरं बारीक दिसत होती.

"एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवायची."

"हूं."

"आणि दुसऱ्या बाजूचे घासायचे."

"हूं."

मी पान उलटताना वर पाहिलं. अप्पांची हनुवटी छातीवर टेकली होती. तोंड उघडं होतं आणि ते घोरत होते.

आई आत होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

झोपेतही माणूस हुंकारा देतो. मला हे माहीत आहे. माझी आजी द्यायची. मी स्वतःला तेच सांगितलं. पण घोरणं आणि हुंकारा एकाच घशातून एकाच वेळी कसे येतील, हा प्रश्न मनात येण्याआधीच मी पुस्तिका मिटली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही कापलेला लिंब रचून ठेवला होता. तिकडं कंदिलाचा उजेड पोचत नव्हता. तिकडं बघायचं नाही असं मी ठरवलं, आणि बघितलं नाही.

सकाळी कुलूप काढलं. साखळीचा एकेक दात नव्या सुईसारखा चमकत होता. पेटीच्या तळाशी लोखंडाची बारीक पूड पडली होती. मी प्रत्येक दातावर बोट फिरवून बघितलं. सगळे सारखे.

"लई झ्याक धार लावलीस," अप्पा मागून म्हणाले आणि मी इतकी दचकले की बोट कापलं.

"मी नाही लावली, अप्पा."

"मग काय मशीननं सोताच लावली? विसरलीस. रातभर जागत बसतीस, दिवसा ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी माझे हात नाकाशी धरून बघितले. रॉकेलचा वास होता, पण तो रोजच असायचा. किल्ली गळ्यातच होती. आपण झोपेत उठून हे केलं असेल का? कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला झोपेत चालणाऱ्या माणसांबद्दल शिकवलं होतं. खरं सांगायचं तर, हे मीच केलं असावं अशी मी मनापासून आशा करत होते.

४

त्यानंतर दोन दिवस मी वाचन टाळलं. डोकं दुखतंय म्हटलं. दोन दिवस झाकणाखाली एक कणही सापडला नाही. साखळी जशी ठेवली तशीच होती. मला थोडं बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अप्पा रुसले. "एवढं बुंध्याचं पान सांग. लिंबाचं मोठं खोड ऱ्हायलंय." ते पान आडव्या खोडाचं नव्हतंच, उभं झाड पाडायचं होतं. तसं मी सांगितलं. "तेबी ऐकू दे की," अप्पा म्हणाले, "ज्ञान वाया जात न्हाई." मला नाही म्हणवलं नाही. वाचताना माझी नजर सारखी त्यांच्या तोंडावर होती. प्रत्येक हुंकारा त्यांच्याच ओठांतून आला.

ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची. बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल. वरचा काप तिरका, खालचा सपाट, दोन्ही एका रेषेत मिळाले पाहिजेत. खाचेचं तोंड जिकडं, झाड तिकडं पडतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन शेतात गेले तर शिरसाला खाच होती.

फोडलेल्या कलिंगडासारखी स्वच्छ. वरचा काप तिरका, खालचा सपाट. मी वीत लावून बघितली. बरोबर चौथा हिस्सा. खाली तपकिरी भुशाचा ढीग होता. मी तीनदा शिंकले.

मग खाचेचं तोंड कुठं आहे ते बघायला वळले. समोर, वीस पावलांवर, विहिरीजवळची खोपी होती. अप्पा रोज दुपारी तिथं बाजेवर झोपायचे.

शेजारच्या शेतातले हावगेप्पा बांधावर बिडी ओढत होते. सकाळभर नदीकडच्या तुकड्यात राबून अप्पा तेवढ्यात आले होते, त्यांनी हावगेप्पांना हाक मारून बोलावलं. म्हातारा झाडाभोवती एक फेरी मारून आला.

"काय अण्णा, झाड इकलं काय?"

"कुणाला इकू? कुणीतरी चोरून तोडायलंय."

"चोर असली सोनाराची कामं करतोय व्हय? आन् मशीन तर अख्ख्या शिवारात तुमचीच."

"मशीन घरात कुलपात हाय. तुम्ही आवाज आयकलात का?"

"मशीनचा न्हाई आयकला बा." हावगेप्पांनी बिडी विझवली. "पर सकाळपसनं कुणीतरी शिंकायलतं हितं. लई शिंकायलतं. मला वाटलं, तुमची विशाक्काच हाय."

मी सकाळभर घरी होते. आई साक्षीला होती.

५

"झाड आता उभं ठेवण्यात अर्थ न्हाई," अप्पा संध्याकाळी म्हणाले. "वारं सुटलं की खोपीवरच पडंल. आपणच रीतसर पाडू. दोरखंड बांधून, नदीकडच्या बाजूला. पुढचं पान काढ."

"अप्पा, नको."

"कामून?"

काय सांगणार? आपण वाचतो ते आणखी कुणीतरी ऐकतंय, आणि आपल्यापेक्षा नीट ऐकतंय? अप्पांना हे ऐकून वाईट वाटलं असतं. मुलीला शिकवलं ते या दिवसासाठी का, असं त्यांच्या तोंडावर आलं असतं.

मी वाचलं. अगदी हळू आवाजात.

खाचेच्या विरुद्ध बाजूनं मागचा काप घ्यायचा, खाचेपेक्षा दोन बोटं वर. आरपार कापायचं नाही. मधे लाकडाची पातळ पट्टी ठेवायची, ती दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवते. काप तिथवर आला की मशीन बंद न करता नुसती रेस सोडायची आणि थांबायचं. हाक होऊ द्यायची. ओ आल्याशिवाय शेवटचा काप घ्यायचा नाही.

"हूं."

ओठ हलले का ते बघायला मी मान वर केली. अप्पांची जागा रिकामी होती. आत माठावर तांब्या वाजला. ते पाणी प्यायला गेले होते. कधी गेले ते मला कळलंही नव्हतं.

हुंकारा लाकडाच्या ढिगाकडून आला होता. जवळून. नम्र, मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. आणि पुढचं वाक्य आलं नाही म्हणून असेल, एका क्षणानं तो पुन्हा आला, या वेळी जरासा प्रश्नासारखा.

"हूं?"

मी पुस्तिका मिटून घरात पळाले. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती मला दिसली होती. ओ देणारा माणूस झाडाच्या दुप्पट उंचीइतका लांब उभा असला पाहिजे. ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. मला भीती वाटली म्हणून वाचली नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

६

सकाळी मी उठायच्या आधीच अप्पा शेतात गेले होते. "राखण बसतो म्हणाले," आईनं सांगितलं. "कोण तोडायलंय ते बघतो म्हणाले. बांधावर बसतो, खोपीत जाणार न्हाई, तसं विशाला सांग म्हणाले."

मी पेटी उचलून बघितली. जड होती. मशीन आत होती. कुलूप काढून बघायचं धैर्य झालं नाही, पण वजन तर खोटं बोलत नाही ना.

दुपारी भाकरीचं गाठोडं घेऊन निघाले. ऊन इतकं होतं की वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ओढा ओलांडला तेव्हा लांबून इंजिनाची फटफट ऐकू यायला लागली. हावगेप्पांनी पाण्याचं इंजिन चालू केलंय, माझ्या मनात आलं. बरं वाटलं. शिवारात कुणीतरी आहे.

आमच्या बांधावर आले आणि थांबले. बांधावर कुणी नव्हतं. अप्पांचं उपरणं बाभळीच्या फांदीवर टाकलेलं होतं. खाली सावली नावालाच होती, बाभळीतून ऊन सरळ डोक्यावर येत होतं. आणि खोपीच्या दाराशी त्यांच्या वहाणा होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

फटफट अजून चालूच होती. तेव्हा आठवलं, हावगेप्पांचं इंजिन पंधरा दिवसांपासून बसवकल्याणला दुरुस्तीला पडलं होतं.

आवाज शिरसामागून येत होता. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण तो आवाज मी ओळखत होते. रेस सोडलेल्या मशीनचा संथ, बारीक ठोका. मीच स्क्रू फिरवून तो जमवला होता, साखळी फिरू नये इतका हळू. बुंध्याच्या कडेनं भुशाची शेवटची चिमूट खाली घरंगळत होती. आणि वर, एक पानही हलत नसताना, सगळं झाड अगदी थोडं पुढं झुकून उभं होतं. खोपीकडं. एखादं दार अर्धवट लोटून ठेवावं तसं.

बुंध्यामागं कुणीतरी शिंकलं. हलकेच, पदर तोंडाला लावून शिंकावं तसं.

पळत खोपीत जायला हवं होतं. का गेले नाही, आजही मी स्वतःला तेच विचारते. पण माझे पाय जमिनीतून निघेनात. गाठोडं कधी पडलं ते कळलं नाही. माझ्याजवळ फक्त आवाज होता.

"अप्पा!"

खोपीतून काही आलं नाही. मशीन त्याच लयीत फटफटत राहिली.

"अप्पाऽ!"

काही नाही. बाज करकरल्यासारखी वाटली. उठा, मी मनात म्हणत होते. उठा, बाहेर या, तीन हाका मोजत बसू नका. छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास गोळा केला.

"अप्पाऽऽऽ!"

तिसरी हाक समोरच्या टेकाडावर आपटून परत आली आणि विरली. त्या शांततेत मला जाणवलं की बुंध्यामागचा ठोका चढलाही नाही आणि थांबलाही नाही. तो वाट बघत होता. शेवटच्या कापापाशी येऊन, रेस सोडून, मी शिकवलं होतं अगदी तसा. हाक झाली होती. मीच मारली होती. आता त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी...

मी ओरडायला तोंड उघडलं. ओ देऊ नका, अप्पा. ओ देऊ नका.

शब्द बाहेर पडायच्या आत खोपीतून, झोपेनं जड झालेल्या आणि जराशा हसऱ्या आवाजात, अप्पांनी ओ दिली.